एकट्याची सही

आमच्या सोसायटीच्या वॉचमनला ओहायो कुठे आहे हे ठाऊक होतं. पेनसिल्व्हेनियाही ठाऊक होतं. उत्तर प्रदेशातल्या गोंड्याहून मिरा रोडला आलेला हा माणूस सकाळी गेट उघडता उघडता "इस बार मिशिगन का मामला टाइट है" म्हणायचा आणि दूधवाला गाडी थांबवून ऐकायचा. ही सगळी करणी आमच्या चेअरमनची. पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला चार विंगांची आमची सोसायटी. तिचे ते चेअरमन असले, तरी कागद सोडून त्यांना चेअरमन कुणीच म्हणत नसे. लहानथोर सगळे त्यांना 'प्रेसिडेंट' म्हणायचे. त्यांच्या पत्नी तेवढ्या 'अहो' म्हणायच्या आणि मी 'काका' म्हणायचे. मी तेव्हा कमिटीत जॉइंट सेक्रेटरी होते, म्हणजे टाइप करायचं काम माझं होतं.

काका मूळचे नांदेडकडचे. परदेशचे कॉल हाताने जोडून द्यायच्या काळात ते मुंबईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पलीकडच्या ऑपरेटरशी दोन वाक्यं बोलायची, लाइन लागली की बाजूला व्हायचं, एवढंच काम. एकदा लाइन लागेपर्यंतच्या रिकाम्या वेळात न्यूयॉर्कच्या बाईने त्यांना सांगितलं, की आमच्याकडे आज नवा अध्यक्ष निवडून आलाय आणि मी ज्याला मत दिलं तो पडला. "मी विचारलं, मग आता? तर ती म्हणाली, आता काय, चार वर्षं थांबायचं." हा प्रसंग काकांनी मला निदान वीस वेळा सांगितला असेल. त्यांच्या लेखी लोकशाही एवढ्यातच आली. पडलेल्याने थांबायचं, आणि जिंकलेल्याने आपली चार वर्षं संपणार आहेत हे विसरायचं नाही. तेव्हापासून अमेरिकेचा एकही अध्यक्ष त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही.

तिकडे मंगळवारी रात्री मोजणी सुरू होते तेव्हा आपल्याकडे बुधवारची सकाळ असते. त्या बुधवारी काकांच्या घराचं दार उघडं असायचं आणि काकू कढईभर सुशीला करायच्या. सुशीला म्हणजे चुरमुऱ्यांचा मराठवाड्यातला नाश्ता. आमच्याकडच्या गुजराती बायकांनी तो इतका उचलला की ए-विंगमध्ये आता त्यात शेव घालतात. फ्रीजशेजारच्या भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावलेला असायचा. एखादं राज्य जाहीर झालं की काका त्यावर जिंकलेल्या पक्षाच्या रंगाची टिकली चिकटवायचे. लाल टिकल्या काकूंच्या रोजच्या वापरातल्या, निळ्या खास बाजारातून आणलेल्या. एका वर्षी निळ्या कमी पडल्या. काकू म्हणाल्या, "हिरव्या आहेत, त्या लावा." काका गंभीरपणे म्हणाले, "हिरवा पक्ष आहे तिकडं, पण तो कुठं जिंकत नाही." मग काकूंनी निळ्या साडीवर जुळती म्हणून लावलेली कपाळावरची निळी काढून दिली आणि तिने बहुधा विस्कॉन्सिनचा निकाल लावला.

तुम्हाला कोण निवडून यायला हवा, असं मी दर खेपेला विचारायचे. उत्तर ठरलेलं होतं. "जो हरल्यावर मुकाट्यानं घरी जाईल तो."

मला या वेडाची गंमतही वाटायची आणि कधीकधी चीडही यायची. ऑफिसातून दमून यावं तर पाण्याचा टँकर आलेला नसायचा, लिफ्ट बंद असायची, आणि चेअरमन कंपाउंडमध्ये उभं राहून कुणालातरी अध्यक्ष व्हायला लागणाऱ्या दोनशे सत्तर मतांचं गणित समजावत असायचे. एकदा त्यांच्या घरी मी म्हटलंच, "काका, त्यांच्या अध्यक्षाशी आपलं काय देणंघेणं?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, एका माणसाच्या हातात एवढं सगळं दिलं तर तो काय करतो, हे बघायला मिळतं. ते पण घरबसल्या." त्यांच्या घरात देवघर नव्हतं. त्या जागी पिवळ्या कापडात गुंडाळलेली राज्यघटनेची प्रत असायची. तिच्याकडे बोट करून ते पुढे म्हणाले, "आपली ही केवढी जाड आहे बगा. तिकडची तासाभरात वाचून होते. लहान कागदात जागा फार सुटते, आणि सुटलेल्या जागेत माणूस शिरतो."

तिकडचं जे जे आवडेल ते इकडे आणायचा त्यांना सोस होता. वार्षिक सभेचं भाषण ते तिकडच्या अध्यक्षासारखं "सोसायटीची स्थिती मजबूत आहे" या वाक्याने सुरू करायचे, आणि नेमका त्याच वेळी मागच्या पाइपमधून पाण्याचा थेंब कुणाच्या तरी डोक्यावर पडायचा. एका वर्षी त्यांनी ठराव आणला, की तिकडच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला असतात तशी प्रत्येक विंगला दोन मतं असावीत, म्हणजे सोळा फ्लॅटच्या छोट्या डी-विंगला चाळीस फ्लॅटच्या ए-विंगने दाबू नये. ए-विंगचे जिग्नेशभाई उठून म्हणाले, "प्रेसिडेंट साहेब, मेरा एक फ्लॅट, मेरा एक वोट. अमरिका में जो है वो अमरिका में रखो." ठराव पडला. काकांनी तो पडल्याचं इतिवृत्त स्वतः तपासून घेतलं आणि जिग्नेशभाईंचं बोलणं नीट आलंय ना हे पाहिलं.

पण एक गोष्ट त्यांनी आणलीच. खिडक्या फुटल्या की पोरांचे चेंडू जप्त करून सोसायटीच्या कपाटात टाकायची आमच्याकडे पद्धत होती. पहिली टर्म संपायच्या दिवशी काकांनी ते कपाट उघडलं. पाच वर्षांचे चेंडू होते. "जाता जाता माफी द्यायचा तिकडं अध्यक्षाला अधिकार आहे," असं म्हणून त्यांनी ते कंपाउंडमध्ये ओतले. संध्याकाळपर्यंत बी-विंगच्या दोन काचा गेल्या. दुसऱ्या टर्मला ते बिनविरोध निवडून आले, आणि ही शेवटची, तिसरी मागायची नाही, हे त्यांनी आल्या आल्या लिहून दिलं.

मग तिकडची मागची निवडणूक झाली आणि काकांची घडी विस्कटली. आता निकाल लागून संपत नव्हता. रोज सकाळी उठावं तर नवा हुकूम निघालेला असायचा. टीव्हीवर टेबल, जाड पेन, भली मोठी सही, आणि ती सही कॅमेऱ्याकडे धरून दाखवणं. कधी कुणाला देशाबाहेर काढलं, कधी कुठल्या मालावर कर वाढवला, कधी आधीच्याने काढलेला हुकूम फाडला. "काय सह्या करायलाय बगा हा माणूस," असं म्हणत काका सी-विंग ते पंपरूम येरझाऱ्या घालायचे. हातात फोन, पायात स्लिपर. समोर येईल त्याला थांबवून विचारायचे, "हे सभागृहाला विचारून केलं का? नाही ना?" लोक मान डोलावून सटकायचे. त्यांच्या त्या फेऱ्यांनी मलाही अस्वस्थ व्हायला लागलं. बाल्कनीतून ते दिसले की माझ्याही मनात उगाच काहीतरी चुकल्याची हुरहुर सुरू व्हायची.

आणि चुकलं ते तिकडे नाही, आमच्याकडेच.

गणपतीचे दिवस होते. निम्मी कमिटी गावाला गेलेली. त्या आठवड्यात आमच्या पार्किंगमधून चार बाइकच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या आणि सी-विंगमधल्या एका घराची कडी भर दुपारी कुणीतरी हलवून पाहिली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आग लागली. बाहेरची माणसं, भाडेकरू, रात्रीअपरात्री येणारे-जाणारे, असं करत करत बोलणं सी-विंगच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबलं. तिथे एक नर्स भाड्याने राहायची. चिपळूणकडची, तिशीची, एकटी. आम्ही तिला सिस्टरच म्हणायचो. तिची नाइट ड्युटी असायची, आणि कधीमधी हॉस्पिटलातली एखादी मैत्रीण मुक्कामाला असायची. तिचा बॅटऱ्यांशी संबंध आहे असं कुणी म्हणालं नाही. कुणाला म्हणावंही लागलं नाही.

रविवारी सकाळी दहा-बारा जण काकांच्या दारात उभे राहिले. मीही होते. "साहेब, मीटिंग-बिटिंग बाद में. कुछ करो. आप प्रेसिडेंट हो," असं कुणीतरी म्हणालं. इतकी वर्षं थट्टेत मारलेली ती हाक त्या दिवशी खरी होती, आणि काकांच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं. ते ताठ झाले. "ताई, लॅपटॉप आणा," एवढंच म्हणाले.

उभ्याउभ्या फेऱ्या मारत त्यांनी मजकूर सांगितला. सुरक्षेच्या कारणास्तव, पुढील सूचना मिळेपर्यंत, कुटुंबासह न राहणाऱ्या भाडेकरूंना सोसायटीची एनओसी मिळणार नाही. ज्यांच्या कराराची मुदत संपत आहे त्यांनी पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी. मी विचारलं, "खाली कमिटी घालू?" ते म्हणाले, "नको. कमिटी बसलेली नाही. माझी एकट्याची सही." एवढा प्रामाणिकपणा तेव्हाही होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तात्पुरतं आहे." मी प्रिंट काढली, शिक्का मारला आणि काच सरकवून बोर्डावर लावली. मुदत संपत असलेला करार त्या महिन्यात एकच होता, तो कुणाचा हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्युटीवरून थेट सोसायटीच्या ऑफिसात आली. खांद्याला पिशवी तशीच होती. तिने बसायलाही नकार दिला.

"सर, याची मीटिंग कधी झाली?"

"मीटिंग नंतर होईल," काका म्हणाले. "माणसं गावाला गेलीयेत."

"मग जायला मला आत्ताच का सांगताय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये काहीतरी शोधायला लागले. खरं तर शोधण्यासारखं काही नव्हतं.

"मी काय केलंय, एवढं तरी सांगा," ती म्हणाली.

"तुम्ही काही केलेलं नाही," काका म्हणाले. हे वाक्य धीर द्यायला म्हटलेलं होतं, पण ते ऐकून तिचा चेहरा असा झाला की काकांनी मान खाली घातली. ती पंधरा दिवस थांबली नाही. पाचव्या दिवशी एक छोटा टेम्पो आला, त्यात एक गादी, एक कपाट आणि कुंड्या गेल्या. कुणी तिच्यासाठी लिफ्ट धरून ठेवली नाही, कुणी सामानाला हातही लावला नाही. काका पंपरूमपाशी उभे होते. टेम्पो वळून गेल्यावरही ते तिथेच उभे राहिले.

बॅटऱ्या चोरणारा पुढच्या महिन्यात सापडला, दुसऱ्याच सोसायटीत. आमचे सीसीटीव्ही दुरुस्त करायला येणारा माणूस तो. कॅमेरे कुठे बंद आहेत हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? ग्रुपवर हसण्याचे चेहरे आले आणि विषय संपला. आता नोटीस बोर्डावरून काढा असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

काकांना काय झालं ते काकूंनी मला सांगितलं. सकाळची वेळ, काकू मेथी निवडत बसल्या होत्या, टीव्हीवर नेहमीप्रमाणे सही चालली होती आणि काका नेहमीप्रमाणे वैतागत होते. "कुणाला विचारलं ह्यानं?" असं त्यांनी टीव्हीला विचारलं. काकू मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी कुठं विचारलं होतं?" काकांनी टीव्ही बंद केला, आणि तो त्या घरात चार दिवस लागला नाही.

पाचव्या दिवशी ते माझ्या दारात आले. हातात पूर्ण लिहिलेला फुलस्केप होता. म्हणाले, "विशेष सभा बोलवा, ताई. विषय एकच. चेअरमनवर महाभियोग."

मी हसले. ते हसले नाहीत. कागदावर त्यांनी स्वतःविरुद्ध तीन आरोप लिहिले होते. सभा न बोलावता अधिकार वापरला, हा पहिला. पुरावा नसताना लोकांच्या भीतीचा आधार घेतला, हा दुसरा. तिसरा मी दोनदा वाचला: 'जिला याचा त्रास होणार ती एकटी आहे, आणि भाडेकरू असल्याने तिला सोसायटीत मत नाही, हे ठाऊक असूनही केले.'

मी त्यांना खूप समजावलं. म्हटलं, "एवढं कशाला? आणखी एक सही करा आणि नोटीस रद्द करून टाका. उद्या सकाळी मी काढते बोर्डावरून."

"एका सहीनं केलं, दुसऱ्या सहीनं पुसलं, तर उद्या तिसरा येऊन पुन्हा करील," काका म्हणाले. "तिकडं दुसरं काय चाललंय? ह्यानं केलं की त्यानं पुसायचं, त्यानं पुसलं की ह्यानं पुन्हा. हे चूक होतं असं सगळ्यांनी मिळून म्हटलं पाहिजे, तर ते पुसलं जाईल."

"मग राजीनामा द्या."

"राजीनामा दिला की लोक बुके देतात."

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. नेहमीप्रमाणे पुरेशी माणसं आली नाहीत, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून जेवढी होती तेवढ्यांत सुरू केली. आरोपी स्वतः अध्यक्षस्थानी बसू शकत नाही म्हणून काका उठून समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि जिग्नेशभाईंना आपल्या जागेवर बसवलं. जिग्नेशभाई इतके संकोचले होते की खुर्चीच्या कडेवरच टेकले. काकांनी उभं राहून तिन्ही आरोप वाचले, आधी मराठीत, मग हिंदीत. नोटीस चुकीची होती असं सभेने ठरवावं, मला काढावं, आणि सिस्टरला परत बोलवावं, एवढी त्यांची मागणी होती.

मग जिग्नेशभाई म्हणाले, "साहेब ने जो किया, अपने लिए किया. इसमें केस क्या है?" सगळे हसले, आणि त्या हसण्याने सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. डी-विंगच्या एका बाई म्हणाल्या, "काय चुकलं त्यात? नोटीस लागल्यापासून बरं वाटतंय बाई. तो माणूस सापडला ते वेगळं." कुणीतरी मागून आभाराचा ठराव सुचवला.

"आरोपाच्या बाजूने कोण?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

काकांनी स्वतःचा हात वर केला. एकटाच हात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. मांडीवर वही होती आणि मी इतिवृत्त लिहीत होते. मी लिहीतच राहिले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण काकांबद्दल लिहायचं तर हे टाळून चालणार नाही. नोटीस चूक ठरली असती तर ती टाइप करणारीही चूक ठरली असती, हे एक कारण. दुसरं त्याहून वाईट आहे. बॅटऱ्या गेल्या त्या आठवड्यात मलाही ती नोटीस हवी होती. माझ्या हाताने शिक्का मारताना मला बरं वाटलं होतं. मी काकांपेक्षा कमी शिकलेली नव्हते, कमी समजणारी नव्हते, तरी त्या दिवशी माझा हात मांडीवरून उठला नाही.

काका निर्दोष सुटले. टाळ्या वाजल्या. आणि मग जे झालं ते त्यांच्याही लक्षात सभा संपल्यावर आलं. आतापर्यंत ती नोटीस एका माणसाची होती, कधीही काढता आली असती. आता सभेने तिच्यावर मत घेतलं होतं आणि ती कायम ठेवली होती. स्वतःला शिक्षा मागायला गेलेल्या माणसाने आपल्याच चुकीवर सगळ्या सोसायटीची मोहोर उमटवून घेतली होती. संध्याकाळी मी इतिवृत्त दाखवायला गेले तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती केली. "'टाळ्यांच्या गजरात' हे काढा, ताई," म्हणाले. "तिकडंही असंच होतं. आपल्या माणसाला कोण काढतंय."

पुढच्या रविवारी आम्ही भाईंदरपलीकडच्या मुर्धा गावात गेलो. सिस्टर तिकडे राहायला गेल्याचं तिच्या घरमालकाकडून कळलं होतं. भाईंदर पश्चिमेहून रिक्षा केली. काका मिठागरांच्या जागी उभे राहणारे टॉवर बघत होते. खाडीकडच्या एका गल्लीत विचारलं तर दारात सुकट निवडणाऱ्या म्हातारीने आधी आम्हाला नीट न्याहाळलं आणि मग आत हाक दिली, "सिस्टर, कोन आलंय बघ गो. तुझी मानसं हाय का न्हाय?"

सिस्टरने आम्हाला बसवलं, चहा केला. एकच खोली, पण स्वच्छ. कुंड्या खिडकीत होत्या. काकांनी खिशातून पत्र काढून दिलं. स्वतःच्या हाताने लिहिलेली माफी होती, खाली पूर्ण सही. तिने शांतपणे वाचलं, घडी घातली आणि परत केलं.

"हे मला नको, सर. हे तुमच्या बोर्डावर लावा."

"ते आता सभेच्या परवानगीशिवाय लावता येत नाही," काका म्हणाले, आणि सभेत काय झालं ते त्यांनी काही न लपवता सांगितलं. माझ्या हाताबद्दल ते बोलले नाहीत.

ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे घालवायला तुमची एक सही पुरली, आणि परत बोलवायला सगळी सोसायटी पाहिजे."

"हो," काका म्हणाले. "तसंच झालंय."

"मी काही आता येणार नाही, सर. इथे आजी माझ्यासाठी रात्रीचं जेवण झाकून ठेवते. पण माझ्यानंतर येणारीचं तरी बघा."

परतताना काका अर्ध्या वाटेतच रिक्षातून उतरले. म्हणाले, चालतो जरा. उन्हात, त्या रहदारीत, स्लिपर फटफट करत ते माझ्यापुढे चालत राहिले. मी रिक्षा सोडून मागोमाग गेले. मला सारखं वाटत होतं की त्यांनी एकदा वळून मला विचारावं, हात का वर केला नाहीत. त्यांनी विचारलं नाही. भित्र्या माणसांना प्रश्न विचारायचा नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं, किंवा मला तसं वाटून घ्यायची सवय लागली आहे.

उरलेल्या सहा महिन्यांत त्यांनी नोटीस रद्द करायचा विषय दोनदा सभेत आणला, दोन्ही वेळा तो पुढच्या सभेवर ढकलला गेला. मग टर्म संपली. गुडघे गेले होते, नांदेडला लेक होती, काका-काकू तिकडे गेले. जाताना मोठा कार्यक्रम झाला, भाषणं झाली, शाल मिळाली. बुकेही मिळाला. आता तिकडे एखादं राज्य जाहीर झालं तरी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला कळत नाही. वॉचमनही बदलला.

मी सध्या सेक्रेटरी आहे. बोर्डावरची नोटीस उन्हाने पिवळी झाली होती म्हणून मध्ये कुणीतरी तिची नवी प्रत काढून लावली. खालची तारीख तीच आहे, सही तीच आहे. आणि आता लोक तिला नोटीस म्हणतही नाहीत. एखादा एजंट एकट्या मुलीला किंवा दोन मुलग्यांना जागा दाखवायला घेऊन आला की गेटवरच सांगतात, "नही मिलेगा. प्रेसिडेंट साहेब के टाइम का रूल है." हे सांगताना लोकांच्या आवाजात आदर असतो. तो ऐकला की माझ्या जिवाची नुसती तगमग होते. चेंडू सोडणारा, एकट्याच्या सहीला आयुष्यभर घाबरलेला हा माणूस. आमच्याकडे त्याचं नाव टिकलं ते नेमकं याच कागदामुळे.

मागच्या मंगळवारी दुपारी दोन मुली एजंटबरोबर आल्या. एक पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, दुसरी नर्स. डी-विंगमधली एक जागा त्यांना पसंत पडली होती. मी घरीच होते. बाल्कनीतून मला नवा वॉचमन हात हलवताना दिसला आणि त्याचे शब्द कानावर आले, तेच, प्रेसिडेंट साहेबांचे. त्यातली एक मुलगी म्हणाली, "पण आम्ही काय केलंय?"

मी खाली गेले. ऑफिस उघडलं, एनओसीचा कोरा फॉर्म घेतला, भरला आणि सही केली. चेअरमन सुरतला गेलेले, कमिटी बसलेली नाही, सभेचा ठराव माझ्या विरुद्ध. सगळं मला माहीत होतं.

संध्याकाळी मी नांदेडला फोन लावला. काकूंनी उचलला आणि काकांना दिला. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मला सगळं मोठ्याने आणि दोनदोनदा सांगावं लागलं. मुलींचं सांगितलं. त्या रविवारी मांडीवर राहिलेल्या माझ्या हाताचंही सांगितलं. इतक्या मोठ्याने की शेजारच्या घरातही गेलं असेल.

"सभा झाली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका. रविवारी बोलावलीय. आधी सही केली."

"मग तुम्ही चुकलात, ताई."

"हो."

"रविवारी तसं सांगा. आरोप लिहून काढा आणि उभ्या राहून वाचा. हात वर करायची वेळ आली तर आपला पहिला करायचा."

"करते."

मी फोन ठेवणार होते. मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"आणि त्या मुली?"

"वर गेल्या. सामान लावतायत."

"बरं झालं," काका म्हणाले.